म्हशीला लावलेला फोन

जीप दारात उभी होती आणि आई गोठ्यात होती.

अंगणात निम्मी आळी गोळा झालेली. आण्णा, म्हणजे माझे वडील, नवी टोपी घालून ड्रायव्हरला मुंबईच्या विमानतळाचा रस्ता समजावून सांगत होते. ते स्वतः तिकडं कधी गेलेले नाहीत, पण सांगत असे होते की विमान त्यांनीच तिथं लावून ठेवलंय. वहिनीनं दशम्यांचं गाठोडं माझ्या पाठीवरच्या बॅगेत कोंबलं, मग काढलं, मग दुसरीकडून कोंबलं. शेजारच्या काकू विचारत होत्या, "जर्मनीत भाकरी भेटती का रं?" आणि आई गोठ्यात होती, कारण धारेची वेळ होती.

मी गोठ्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती आमच्या जुन्या म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून बसलेली. वळलीसुद्धा नाही. मी पाया पडायला खाली वाकलो, तर तिचे दोन आणि म्हशीचे चार, नेमक्या कुणाच्या पाया पडतोय तेच कळेना. म्हटलं, सगळ्यांच्याच पडू.

"निघ आता," ती म्हणाली. "धार राहिलीय माझी."

बस्स. निरोप संपला.

जीप हलली तेव्हा मागून तिचा आवाज आला. मला नाही, म्हशीला. "होऽऽ बाय माझी, सोड गं माय, सोड, सोड..." एका दमात, शेवटी जिभेनं टाळूवर एक टकटक. तो मी नगर येईपर्यंत तोंडातल्या तोंडात काढत बसलो. ड्रायव्हरनं दोनदा मागं वळून बघितलं, गाडीत बाई कधी बसली म्हणून.

तुम्हा तिसगावकरांना नव्यानं सांगायला नको, पण माझ्यासारखे जे बाहेर पडलेत आणि मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी नकलाकार. म्हणजे पोटापाण्याला इंजिनियर, पण मूळचा नकलाकार. शाळेत हेडसर प्रार्थनेला उभे राहायच्या आधी त्यांचा खोकला मी काढायचो आणि अख्खी रांग ताठ व्हायची. आठवडे बाजारात बी-बियाणांचा माईकवाला, कंडक्टरचं 'चला पुढं सरका', देवळाबाहेर बसून जगाचं वाटोळं झालंय सांगणारे तात्या, सगळे माझ्या गळ्यात राहायला. आणि सगळ्यात हुबेहूब आई. आण्णा पारावर गप्पा मारत बसले की मी भिंतीआडून आईच्या आवाजात हाक मारायचो, "आवो, आयकलं का?" आण्णा चप्पल न घालता पळत यायचे. येऊन बघतात तर मी. मग चप्पल लागायची, मला मारायला.

संगमनेरला इंजिनियरिंग केलं, तिथं होस्टेलवर मास्तरांच्या नकला केल्या. नंतर सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी, तिथं मास्तर नव्हते तर मशीनच्या केल्या. जेवणाच्या सुट्टीत मी लेथचा आवाज काढायचो आणि पोरं सांगायची कुठल्या नंबरचं मशीन. त्यातच डोक्यात किडा शिरला. लेथवर लोखंड कापणारं टोक असतं, त्याला टूल म्हणतात. ते हळूहळू झिजतं. झिजलं की आवाज बदलतो. मशीन न थांबवता, नुसत्या आवाजावरून कॉम्प्युटरला कळलं पाहिजे की टूल किती झिजलंय. हा माझा पीएचडीचा विषय. प्रॉडक्शन टेक्नॉलॉजीत डॉक्टरेट म्हटलं की भारी वाटतं, पण आईला समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हंजी लोखंड कन्हतंय का ते आयकायचं?"

म्हटलं, "तेच."

"मंग त्याला यवढ्या लांब कशाला जावं लागतंय? हितं काय लोखंड गप बसतंय?"

आलो तरी. आता चौथं वर्ष चालू आहे. शहर लहान आहे, कारखान्यांचं, आणि गप्प. रविवारी तर इतकं गप्प की बिऱ्हाडात कुणी कांदा चिरला तर वरच्या मजल्यावर कळेल. पहिल्या महिन्यात ट्राममधली सूचना देणारी बाई मी पाठ केली. 'पुढचा थांबा अमुक' ती कशी म्हणते, शेवटी आवाज कसा खाली ठेवते, एकदम बरोब्बर. लॅबमधल्या पोरांना करून दाखवलं, ती हसली. मग मी जोरात आलो आणि आमच्या हेडसरांचा खोकला काढला. सगळे माझ्याकडं बघतायत. एकानं पाणी आणून दिलं.

त्या दिवशी मला कळलं मी काय सोडून आलोय. शेतं, डोंगर, बाजारातली भेळ, ते सगळं फोटोत असतं. पण नक्कल करायला समोर तो माणूस लागतो ज्याला अस्सल माहितीये. हेडसरांना ओळखणारा कुणी नसेल तर माझा खोकला हा नुसता खोकला. माझ्या गळ्यात अख्खं गाव भरलेलं आणि इथं कुणाच्याच ओळखीचं नाही.

मग मी आईच्या आवाजात स्वतःशीच बोलायला लागलो. स्वयंपाक करताना. "मीठ टाक. टाकलं का? परत टाकू नको." एकट्याच्या खोलीत आई असल्यासारखं वाटायचं. फक्त ती आई मला भाकरी करून देत नव्हती, मलाच करायला लावायची.

आता मथुरा. मथुरा म्हणजे आमची सध्याची म्हैस. मी तिला कधी समोरासमोर भेटलेलो नाही. पहिलं वर्ष संपल्यावर एकदा गावाकडं येऊन गेलो, त्यानंतर जुनी म्हैस गेली आणि मथुरा आली. व्हिडिओ कॉलवर आई मोबाईल तिच्या तोंडापुढं धरायची, "ह्यो बघ, धाकटा." मथुरा स्क्रीन चाटायची. घरात माझी अशी ओळख करून दिलेली.

यंदा मथुरा व्याली आणि तिचं पारडू दगावलं. ज्यांच्याकडं म्हशी आहेत त्यांना माहितीये पुढं काय होतं. पारडू नसलं की म्हैस पान्हा चोरते. कासेत दूध असतं, पण ती सोडत नाही. मथुरा फक्त आईच्या आवाजावर सोडायची. आई पाठीवर हात फिरवणार, 'सोड गं माय' म्हणणार, मग कुठं धार लागणार. दुसऱ्या कुणी हात लावला की पाय झाडायची.

आणि नेमकी तेव्हाच आईच्या गळ्यातली गाठ काढायची वेळ आली. थायरॉईडची. बरीच मोठी झालेली, श्वासाला अडचण व्हायला लागली म्हणून डॉक्टर म्हणाले, आता थांबायचं नाही. नगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, नीट झालं. पण डॉक्टरांनी बजावलं, काही दिवस एक शब्दसुद्धा बोलायचा नाही, आत्ता ताण दिला तर आवाज कायमचा जाऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी मी व्हिडिओ कॉल लावला. आण्णांनी फोन धरलेला, त्यामुळं निम्मा स्क्रीन आण्णांचं नाक. आई पलंगावर बसलेली, गळ्याला पट्टी. मला बघून हसली, मग दोन्ही मुठी वर-खाली करायला लागली.

आण्णा म्हणाले, "ती म्हनतीय, थंडी लई हाय का. स्वेटर घाल."

आईनं कपाळावर हात मारला आणि परत मुठी वर-खाली.

"आण्णा, ती धारेचं विचारतीय," मी म्हटलं.

त्याच कॉलवर घरून वहिनीलाही जोडून घेतलं. वहिनी म्हणाली, "भावजी, काल सकाळधरनं थेंब न्हाई. मी आत्याबाईंचं लुगडं नेसून गेले, तरी लाथ. कास दगडावानी झालीय. तुमचे दादा म्हनत्यात विंजेक्शन मारू."

इंजेक्शन म्हटलं की आई भडकते. म्हशीला इंजेक्शन मारून पान्हा सोडवायचा नाही, हा तिचा कायदा. हे सगळं आण्णांनी दवाखान्यात आईसमोरच मोठ्यानं फोनवर ऐकलं, आणि झालं. आईनं त्यांच्याकडं हात पुढं केला. फोन मागितला. मग स्वतःच्या तोंडाकडं बोट दाखवलं.

ती बोलणार होती. म्हशीशी.

आण्णा घाबरले. नर्स आली, ओरडली. आईनं शेवटी बोटानं खिडकीबाहेरचा सूर्य दाखवला, तो असा डोक्यावरून फिरवून मावळतीला नेला, मग परत एकदा. मग तोंडाकडं बोट. मतलब सगळ्यांना कळला, आण्णांनासुद्धा. उद्या संध्याकाळच्या धारेपर्यंत वाट बघते, नंतर मी बोलणार. आणि आई एकदा म्हणाली, मुक्यानं का होईना, की ती करते.

वहिनीनं आधी आईचे जुने व्हॉइस मेसेज मथुराला ऐकवले. पण ते सगळे मला पाठवलेले. 'जेवला का, अंगावर पांघरून घेत जा.' मथुरानं माझ्या जेवणाची चौकशी शांतपणे ऐकून घेतली आणि रवंथ करत राहिली. म्हशीशी बोलतानाचा आवाज कुणी कधी रेकॉर्ड केलाच नव्हता. रोजचं कोण रेकॉर्ड करतं?

मग वहिनी म्हणाली, "भावजी, तुमी काढा की."

तिकडं संध्याकाळ, इकडं दुपार. लॅबमध्ये एक खोली आहे, बाहेरचा आवाज आत येत नाही अशी. तिथं आम्ही टूलचे आवाज तपासतो. मी दार लावून घेतलं. वहिनीनं मोबाईल गव्हाणीच्या खांबाला बांधला. मी डोळे मिटले आणि काढला. "होऽऽ बाय माझी, सोड गं माय, सोड, सोड..." एका दमात, शेवटी टकटक.

पलीकडं भांडं पडल्याचा आवाज आला.

"आगं बया!" वहिनी म्हणाली. "भावजी, मी पदर घेतला हो डोक्यावर! वाटलं आत्याबाई आल्या मागनं."

"म्हैस काय म्हणतेय?"

"म्हैस... बघितलं तिनं. आन् परत खाया लागली."

तीनदा केलं. वहिनी तिन्ही वेळा फसली, मथुरा एकदाही नाही. माणसं फसवायची आयुष्यभर प्रॅक्टिस, आणि कधी न भेटलेल्या म्हशीनं मला नापास केलं. मी बाहेर आलो तर माझ्या गाईडबाई दारात उभ्या. त्यांना मी मनातल्या मनात मोठ्या बाई म्हणतो, कारण चष्म्यावरून तशाच बघतात. मी सगळं सांगितलं. इंग्रजीत 'पान्हा' कसा सांगायचा हे सांगता सांगता घाम फुटला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्याकडं पहिलं रेकॉर्डिंग आहे, शेवटचं कुठंय?"

हे आमच्या लॅबमधलं रोजचं वाक्य. टूल नवं असताना पहिला आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा. मग कामाला लावायचं. रोज शेजारी उभं राहिलं की झीज ऐकू येत नाही, इतकी ती सावकाश असते. पहिला आणि आत्ताचा असे दोन शेजारी ठेवले की मग कळतं.

आणि माझ्या गळ्यातली आई पहिली होती. जीपमध्ये बसलो त्या दिवशीची. मथुरानं ती कधी ऐकलेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेडफोन लावून आईचे व्हॉइस मेसेज काढले. मी इथं आलो त्या आठवड्यातला पहिला, आणि ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा. पहिल्यात ती एका श्वासात आण्णांची तक्रार, पावसाची तक्रार आणि माझी तक्रार संपवते. शेवटच्यात म्हणते, "जेवला..." मग थांबते. आत काहीतरी गिळते. "...का रं." मग श्वास. मग पुढचं. आवाज खाली आलाय, कडेनं फाटलाय. मी हे मेसेज आले तेव्हा ऐकलेच होते. घरात सगळे रोज ऐकत होते. गाठ वाढत होती तशी आवाजात पण येत होती, पण इतकी सावकाश, की सगळ्यांना वाटायचं आई ती आईच.

मग मी नवी आई काढायला बसलो. नुसतं थांबून जमेना, खोटं वाटायचं. शेवटी मी गळा आतून आवळून धरला, अगदी कंठाच्या खाली, एखादी सुपारी अडकल्यासारखा. आणि आली. हुबेहूब आली. पण तसं बोलताना दोन वाक्यांत मला दम लागला. म्हणजे ही अशी बोलत होती. अशीच वाकून धारा काढत होती, आणि वर मला विचारत होती पांघरूण घेतोस का. मी हेडफोन काढून ठेवला.

तिकडं सूर्य मावळतीला आला. दवाखान्यात आई पलंगावर ताठ बसलेली, फोन हातात घेऊन. आण्णांनी मेसेज टाकला, 'लवकर कर, ही ऐकना.' वहिनीनं मोबाईल बांधला. मी गळा आवळला.

"होऽ... बाय माझी..." गिळलं. श्वास घेतला. "सोड... गं माय... सोड."

टकटक शेवटी नाही केली. शेवटच्या मेसेजमधल्या आईला तेवढा दम उरलेलाच नव्हता.

पलीकडं काहीच नाही. घंटीचा एक आवाज, मान वळवल्याचा. मग मथुरानं एक हुंकार दिला, लांब, नाकातून. मी परत म्हटलं. परत म्हटलं. आणि रिकाम्या बादलीच्या बुडाला पहिली धार लागली. पत्र्यावर बारीक, टोकदार. मग दुसरी. मग फेस चढायला लागला तसा आवाज जाड होत गेला. त्या खोलीत मी आत्तापर्यंत किती टूल ऐकली असतील, पण असा आवाज पहिल्यांदा आला.

वहिनी रडत होती. मग म्हणाली, "थांबू नका भावजी, बोलत ऱ्हावा, अजून लई हाय कासंत."

बादली भरेपर्यंत मी आई होतो. नंतर घसा इतका बसला की मोठ्या बाईंशी मी खाणाखुणांनी बोललो. वहिनीनं धार लागल्याचं तिकडं कळवलं, आणि दवाखान्यातून आण्णांनी फोटो पाठवला. आईनं फोन खाली ठेवलेला आणि उशीला टेकून झोपलेली.

पुढचे सगळे दिवस दोन्ही वेळच्या धारेला माझा आवाज हजर. सकाळची इथं मध्यरात्री यायची, म्हणून ती आम्ही रेकॉर्डिंगवर भागवली. मथुरानं चालवून घेतलं. आई घरी आली, बोलायची परवानगी मिळाली. आवाज परत आला, पण तिसराच. खरखरीत, बारीक. मथुरा दोन दिवस बिचकली, मग हाताला ओळखून सोडायला लागली.

त्या रविवारी आईनं स्वतः फोन लावला. वहिनीनं तिला ते रेकॉर्डिंग ऐकवलेलं.

"गणा," ती म्हणाली, "मी अशी बोलत हुते व्हय रं? यवढी दमल्यावानी?"

"शेवटी शेवटी," मी म्हटलं.

"आन् आदीची कशी हुते? ती येती का तुला अजून?"

"येते की."

"कर बरं."

मी केली. जीपच्या दिवशीची. "निघ आता. धार राहिलीय माझी." मग "होऽऽ बाय माझी," एका दमात, शेवटी टकटक.

तिकडं गोठ्यात मथुराची घंटी वाजली.

"आरं," आई म्हणाली, "ही तर माझी आई बोलती."

आई आष्टीकडची. लग्न होऊन तिसगावला आली, त्यानंतर तिच्या माहेरी राहणारं कुणी उरलं नाही. तिची आई मी कधी ऐकलेली नाही. मला वाटायचं घर सोडून लांब गेलेला घरात मी एकटाच. तीपण गेलेलीच होती, फक्त तिला निरोप द्यायला जीप नव्हती आणि कुणी डोक्यात आवाज धरून बसलं नव्हतं. किंवा बसलं होतं. तिनंच धरला असेल आईचा आवाज, म्हशीशी बोलता बोलता, आणि मी तो जीपमधून इकडं घेऊन आलो, कुणाचा आहे हे माहीत नसताना.

आता कुणी विचारलं घर कुठं, तर मी तिसगाव सांगतो, आणि सांगता सांगता हात गळ्याकडं जातो. अजून थीसिस लिहायचाय. झिजलेल्या टूलचे आवाज ढीगभर पडलेत. आईचे मेसेज मात्र आता मी दर आठवड्याला नीट ऐकतो, हेडफोन लावून, पहिल्याच्या शेजारी ठेवून. मथुरा गाभण आहे, आईचा नवा आवाज मी अजून शिकतोय.

आणि दर रविवारी फोन लावला की ती आधी माझं काही ऐकून घेत नाही. म्हणते, "तुझं र्‍हाऊ दे. आदी माझ्या आईला फोन दे, मंग तू बोल."